संस्थानिकांचा डबा

रेल्वेगाड्यांनी कोळसा खाणं सोडून फार काळ लोटला होता, तेव्हाची ही गोष्ट. एका ओसाड यार्डात रेल्वेचा जुना डबा आणि एक म्हातारी बस शेजारीशेजारी गंजत उभे होते.

"मी संस्थानिकांचा सलून होतो, गाद्यागिरद्यांचा खास डबा," डबा रोज ऐकवायचा.

"सलून? म्हणजे दाढ्या करायचास?" बस विचारायची. "मी मात्र नुसती बड्या घरची वऱ्हाडं नेली हो!"

मग दर रविवारी कुंदाताईंच्या पुढाकाराने काही हौशी माणसं जुन्या गाड्या दुरुस्त करायला येऊ लागली. शेडमध्ये जागा एकाच गाडीपुरती होती. निवृत्त रंगारी भिकोबा पॉलिश पेपर घेऊन आधी डब्याला भिडले. लाल रंग गेला, खालचा हिरवा गेला, तसा डब्याला घाम फुटला.

"पॉलिश पेपरा, बास कर की!" तो कुजबुजला.

"मला घासता येतं, झाकता येत नाही," पेपर खरखरला.

शेवटच्या थराखाली अक्षरं निघाली: 'घोडे सहा, निगराणीला मोतद्दार एक'.

बस इतकी हसली की तिचा हॉर्न गळून पडला.

"घोडे संस्थानिकांचेच होते," डबा पुटपुटला.

पण भिकोबा नाचायलाच लागले. "कुंदाताई, धावा! सलून काय, पुष्कळ सापडतात. घोड्यांचा डबा पहिल्यांदाच बघतोय. शेडमध्ये हाच जाणार!"

डबा ऐटीत शेडकडे निघाला. बसचं हसू थांबलं. तिने पॉलिश पेपरला हळूच हाक मारली.

"इकडे ये रे जरा. टपावर घासून बघ. कोंबड्यांची पिसं निघतील."