मोहोळकड्याचा धऱ्या

आमच्या सुकाळवाडीत कसबी माणसाला धऱ्या म्हणतात. बाळंतपण सुखरूप करणारी सुईण धऱ्या, घाटातून गाडी नीट उतरवणारा ड्रायव्हर धऱ्या. पाहुणे विचारतात, हा कुठला शब्द? मग आम्ही त्यांना या मोहोळकड्यावर आणतो. पूर्वी माझा दादा आणायचा. तो श्रावणात तापाने गेला. आता मी सांगतो. त्याच्यासारखं सांगता येत नाही, पण गोष्ट तीच आहे.

खाली वाकून पाहा. कड्याच्या पोटात कपार आहे. तिथे आग्या माश्यांची पोळी लागतात. मध काढणारा दोराला लोंबकळतो, झोका घेऊन कपारीत शिरतो. वर दोर धरणाऱ्याला तो दिसत नाही. त्याने हाताला लागणाऱ्या वजनावरून ओळखायचं. माणूस आत असताना दोर ओढला, तर तो खडकाच्या धारेवर घासून तुटतो. झोका बाहेर आला, सगळं वजन हातावर आलं, की मगच ओढायचं.

असे सांगतात, की फार पूर्वी इथे धावजी आणि कुशा हे दोघे भाऊ मध काढत. धावजी खाली जाई, धाकटा कुशा वर दोर धरी. कुशा उतावळा होता, पण भावावर त्याचा फार जीव. एका सकाळी माश्या उठल्या. खालून धावजी ओरडला, "ओढ, कुशा, ओढ!" कुशाला राहवलं नाही. त्याने ओढलं. धावजी तेव्हा आत होता.

त्यानंतर कुशाने वर्षभर दोराला हात लावला नाही म्हणे. गुरांनाही दावं लावीना. ती मोकळीच हिंडत आणि लोकांच्या शिव्या त्याला बसत. गावाने त्याला मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त त्याच्या हातात कुणी काही देईना. भरलेला हंडासुद्धा नाही.

धावजीची बायको नवसी. पदरात दोन पोरं. मधाचा वाटा कड्यावरून उतरणाऱ्या घरालाच मिळे. पुढच्या हंगामात तिने कासोटा घातला आणि म्हणाली, "मी उतरते. दोर भावजी धरतील."

गावचा जाणता भिवाबाबा म्हणाला, "येडी झालीस काय, पोरी? घरधनी घालवला त्यानं!"

"म्हणूनच. बाबा, कधी ओढू नये ते तुम्हाला ऐकून ठाऊक हाय. याच्या हाताला ठाऊक हाय."

कुशाने तिचे पाय धरले. "वैनी, दुसऱ्या कुणाला सांग. माझ्यानं नाय व्हायचं."

"पाय सोडा," ती म्हणाली. "दोर धरा."

ती उतरली, कपारीत शिरली. पोळ्याला कोयती लागली आणि माश्या उठल्या. खालून किंकाळी आली. "भावजी, ओढा! मेले मी! ओढा!"

कुशा ओढीना.

वरची माणसं ओरडू लागली, "अरे ओढ की! हिलाही मारतोस?" भिवाबाबाने धावत येऊन दोराला हात घातला, तर कुशाने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. कुशा डोळे मिटून बसला होता. दोर हलका होता, म्हणजे ती अजून आत होती. खालची हाक धावजीच्या हाकेसारखीच होती, असं तो पुढे सांगायचा. फक्त या वेळी त्याने हाताचं ऐकलं.

तेरा श्वास तो थांबला म्हणे. मग सगळं वजन हातावर आलं. तेव्हा त्याने ओढलं.

नवसी वर आली ती तोंड सुजून, डोळे मिटलेले, पाठीला मधाची पाटी. आल्या आल्या तिने शिव्यांची लाखोली वाहिली. "मुडद्या, बहिरा झालास काय? माझा जीव चालला होता तिथं!" दम लागल्यावर ती थांबली. डोळे उघडत नव्हते म्हणून तिने चाचपत दोर हातात घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. एक पीळही सुटला नव्हता. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हा माझा धऱ्या."

भिवाबाबा मनगट चोळत म्हणाला, "धऱ्या खरा. पर चावरा."

कुशा तिथेच बसून रडला. त्याचा भाऊ काही परत आला नाही. तो दुःख विसरला असंही कुणी सांगत नाही. पण पुढची वीस वर्षं या कड्यावरून उतरलेला प्रत्येक माणूस त्याच्या दोरावर उतरला आणि वर आला.

तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. तो स्वतःला लावून घेता येत नाही. ज्याचा जीव त्या हातात होता, त्यानेच तो द्यायचा.

आजही पोळं काढायच्या दिवशी खाली उतरणाऱ्याला सगळे विचारतात, "धऱ्या कोण?" तेव्हा कुणी पुढे यायचं नाही, कुणी खाकरायचंही नाही. नाव उतरणाऱ्यानेच घ्यायचं, आणि ज्याच्या हातून कधी चूक झाली आहे त्याचंही नाव घेता येतं. उतरणारा एकेकाच्या हातांकडे पाहत जातो. मग एक नाव ऐकू येतं, आणि गर्दीतला कुणीतरी चपला काढून, दोर हातात घेऊन टाचा खडकाला लावतो.