खटक्याचा कॅमेरा

फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढतं? लहानपणी मी सगळ्यांना विचारलं.

फिल्मचे रोल मिळायचे त्या काळी माझ्या दादाच्या स्टुडिओत तीन कॅमेरे राहायचे. त्यातले दोघे महाविद्वान.

पुढे दोन भिंगं असलेला, दोन डोळ्यांचा म्हणायचा, "माझ्यात वरून बघावं लागतं. फोटोग्राफरसुद्धा माझ्यापुढे मान वाकवतो. याला म्हणतात घडण!"

पोलादी म्हणायचा, "मला सेल लागत नाही. मी पडलो तर फरशीला लागतं."

तिसऱ्याला नुसता एक खटका. तो ओढला की जरा थांबून फोटो निघायचा, तेवढ्यात काढणाऱ्यानेच पळत समोर जायचं.

"मालकाला पळवतोस होय रे?" दोघे खिदळायचे.

मग दादा गेला. हार आला, पण तो घालायला दादाचा एकही फोटो घरात नव्हता.

"आम्ही गावातली सगळी लग्नं काढली," दोघे ऐटीत म्हणाले. "एखादा नवरदेव चालेल का?"

खटकेवाला हळूच म्हणाला, "माझ्या पोटात एक आहे बघ."

मी रोल धुऊन आणला. दादा वेळेत पोचलाच नव्हता. फोटोत तो पाठमोरा पळत होता.

"वा! तोंड सोडून सगळं आलंय," दोघे म्हणाले.

मी मान वाकवली आणि त्या पाठीलाच हार घातला.