साळिंदरतात्यांचे उरलेले कंद

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे, मी स्वतः पाहिलेली. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीची आहे म्हणा.

एका नदीकाठच्या जंगलात पिल्लांची शाळा होती. तिथल्या अस्वलबाईंनी नवा धडा काढला: डबक्यातलं पाणी प्यायचं नाही, वाळूत झिरा उकरून त्यातलं नितळ पाणी प्यायचं. त्यासाठी त्यांनी दर घरामागे टोपलीभर बोरं मागितली.

"पाणी प्यायला शिकवायचं आणि वर बोरं?" साळिंदरतात्यांचे काटे उभे राहिले. "ती जाणार कुणाच्या पोटात?"

"माझ्याच," बाई म्हणाल्या. "दिवसभर पिल्लांबरोबर वाळू उकरायची, ती काय उपाशीपोटी?"

"तात्या, अगदी रास्त शंका!" मुंगूसवैद्य मध्येच म्हणाले. "मुळीच देऊ नका."

दर पावसाळ्यात तात्यांच्या धाकट्याचं पोट बिघडे आणि साठवलेले सगळे कंद औषधापायी याच वैद्यांच्या घरी जात. तात्यांना आता वैद्यांचाच संशय आला. बोरं माझी, मग याचा जीव का तुटतोय? केवळ त्या संशयापोटी त्यांनी टोपली दिली आणि धाकट्याला शाळेत धाडलं.

पुढच्या पावसाळ्यात धाकट्याचं पोट बिघडलंच नाही. कंद बिळात तसेच राहिले. तात्या ते हुंगत शाळेत आले.

"बाई, खरं सांगा, हे माझ्या बिळात कुणी आणून ठेवले?"

"अहो, तुमचेच आहेत ते! उरलेत," बाई म्हणाल्या, आणि तात्यांचा संशय कायमचा फिटला.

आता कबूल करतो: संशय फिटला, एवढं माझ्या पदरचं. बाकी सगळं खरं.