तीन टन ओढणारी गाडी

थोरला भाऊ वारल्यापासून त्याची होडी खाडीच्या गाळात पडून होती. रिसॉर्टवाल्या दोशीशेठना ती फाटकापाशी शोभेला हवी होती.

"माझी गाडी तीन टन ओढते," शेठ धाकट्या हिराजीला म्हणाले. "जो बाहेर काढेल, त्याची होडी. बोल!"

हिराजी रागाच्या भरात हो म्हणून बसला.

शेठनी दोर बांधून गाडी रेटली. होडी जागची हलली नाही, गाडीचीच चाकं वाळूत रुतली.

"आता तू ओढ!" शेठ खेकसले.

हिराजी भावाचा दोर धरून काठावर बसून राहिला. त्या दिवशी पौर्णिमा होती. दुपारी उधाण आलं, होडी तरंगली आणि त्यानं ती एका हातानं ओढून घेतली.

"ही लबाडी आहे!"

"नाही शेठ, दादा अशीच काढायचा. पाणी तुमच्या गाडीलाही लागलंय. बघा, तरंगते का."