वल्हिणीचं पाणी

कार्लेखार गावाच्या पश्चिमेला काळ्या कातळाची एक लांब जीभ समुद्रात गेलेली आहे. भरतीला ती दिसत नाही. ओहोटी लागली की कातळ उघडा पडतो आणि त्याच्या टोकाशी, दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या एका खळग्यात, गोड पाणी बुडबुडत वर येताना दिसतं. जेमतेम दोन-अडीच तास. मग समुद्र परत येतो आणि खळगा झाकून टाकतो. या जागेला वल्हिणीचं पाणी म्हणतात.

कार्लेखार आणि खाडीच्या आसपासची चार गावं, अशा पाच गावांत एक रीत आहे. लग्नात भटजींनी नवरीचं कूळ विचारलं की काही घरांतल्या मुली वडिलांच्या कुळाआधी आयांची नावं म्हणतात. आई, आजी, पणजी, तिची आई, असं मागे मागे. शेवटची अकरा नावं कोणत्या भाषेतली आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका प्रयोगशाळेची माणसं आली आणि गालाच्या आतून कापूस फिरवून नमुने घेऊन गेली. पुढे त्यांचं पत्र आलं. ही नावं म्हणणाऱ्या बायकांच्या डीएनएमध्ये एक खूण आहे. आईकडून ती सगळ्याच मुलांना मिळते, पण पुढच्या पिढीला फक्त मुलीच देऊ शकतात. या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणात ती सापडली नाही. फार दूरच्या एका बेटावर मूठभर बायकांत तेवढी आहे. तेव्हापासून पाहुणे येऊ लागले. वासंतीकाकी तोडणकर त्यांना कातळाच्या अलीकडे, सुरूच्या सावलीत बसवतात आणि हकीकत सांगतात.

फार पूर्वीची, कार्लेखारात मिठागरं होती तेव्हाची ही गोष्ट. एका वादळानंतर सकाळी मिठागराच्या बांधावर एक बाई सापडली. लुगड्यासारख्या कसल्याशा कापडाने तिने स्वतःला एका मोठ्या वल्ह्याला बांधून घेतलं होतं आणि पाठीशी तान्ही मुलगी होती. दोघी जिवंत होत्या. जहाज कुठलं, कुठे फुटलं, काही कळलं नाही. बाईने छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. वल्ह्याला धरून आली म्हणून लोक तिला वल्हीण म्हणू लागले. मुलीला ती ‘सुमे’ म्हणून हाक मारी; गावाने तिची सुमती केली.

मिठागरात काम करणारी चिमा नावाची एक विधवा होती. तिने दोघींना आपल्या खोपटात घेतलं. वल्हीण मिठाच्या पाट्या वाहू लागली आणि हळूहळू गावची बोली शिकली. पण देवळाच्या अंगणात तिला जागा नव्हती. ज्याला कूळ नाही त्याने देवासमोर यायचं नाही, असा गावचा नेम होता. उत्सवात ती बांधावर उभी राही, तिथूनच हात जोडी आणि पाटी उचलून कामाला लागे. तिला त्याचं काय वाटे हे तिने कधी सांगितलं नाही. मात्र सुमतीला ती बांधावर उभी करत नसे. त्या दिवशी तिला कातळावर शिंपले गोळा करायला धाडी.

सोळा वर्षं गेली. खाडीपलीकडच्या पाडळे गावच्या भान तांडेलाने, तिथल्या होड्यांच्या म्होरक्याने, आपल्या मुलासाठी, लखूसाठी, सुमतीला मागणी घातली. मुलगी कामाची, पाण्याला न घाबरणारी. तांडेलाला तेवढं पुरे होतं. पण कार्लेखारचा मुख्य, म्हाळू गावकार, म्हणाला, “अक्षता आमच्या देवळात पडायच्या. मुलीने देवासमोर कूळ सांगावं. नसेल तर लग्न नाही.”

भान तांडेल तसाच परत गेला. आपल्या गावालाही त्याला तोंड द्यायचं होतं. सुमती त्या दिवशी जेवली नाही. वल्हीण तिच्याजवळ बसून राहिली.

त्याच वैशाखात उधाणाने मिठागराचा बांध फोडला. खारं पाणी गावात घुसलं आणि दोन्ही विहिरी खारट झाल्या. गोडं पाणी डोंगरापलीकडे, दीड कोसावर. बायका पहाटे निघत आणि ऊन डोक्यावर आलं की एकेक कळशी घेऊन परतत. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आजारी पडू लागली. आठ दिवसांत दोन मुलं गेली, म्हणे.

चिमाच्या खोपटात मात्र मडकं भरलेलं असे. वल्हिणीला कातळाच्या टोकाचं हे पाणी पहिल्या वर्षीच सापडलं होतं. तिच्या मुलखात गोडं पाणी समुद्राखालीच शोधतात. ते कसं शोधायचं हे आई लेकीला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगत नाही. सांगितलं तर झरा फिरतो, पाणी निघून जातं, अशी शपथ असते. तिला तिच्या आईने हे सांगितलं होतं आणि सुमती न्हाती-धुती झाली तेव्हा तिने सुमतीला सांगितलं होतं. दोघी ओहोटीला शिंपल्यांच्या टोपलीखाली कळशी लपवून आणत.

एके दुपारी शेजारची पोर तहानेने रडत होती. सुमतीने तिला ओंजळीने पाणी पाजलं. पोरीची आई ते बघत होती. तासाभरात म्हाळू गावकाराने वल्हिणीला बोलावणं धाडलं.

निघण्याआधी सुमती म्हणाली, “आई, नको सांगूस. या लोकांनी तुला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.”

वल्हीण म्हणाली, “ही चिमाही याच लोकांतली.”

“मग शपथेचं काय?”

“शपथ शोधण्याची आहे. पाण्याची नाही. पाणी कुणाच्या आईने केलेलं नाही. तू बायकांना घेऊन कातळावर जा. खळगा दाखव. मी देवळाकडे जाते.”

अशी सुमती पुढे गेली आणि तिच्यामागून गावच्या बायका मिळेल ते भांडं घेऊन निघाल्या. ओहोटी लागलेली होती. सुमतीने खळग्यातली वाळू दोन्ही हातांनी उपसली, वर आलेलं खारं पाणी काढून टाकलं आणि थांबली. खालून पाणी आलं. पहिली ओंजळ घेणारी बाई ते तोंडात धरून तशीच उभी राहिली, गिळायचं विसरली.

इकडे वल्हीण अंगणाच्या कडेला उभी होती. म्हाळू गावकाराचा स्वतःचा नातू चार दिवस अंथरुणावर होता. गावकार म्हणाला, “इतकी वर्षं पाणी लपवलंस?”

“लपवलं,” वल्हीण म्हणाली. “आता बायका भरताहेत. तुझी सूनही त्यांच्यात आहे.”

जमलेल्यांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, कसं सापडलं ते हिने सांगितलंच पाहिजे, उद्या हाही झरा आटला तर? दोघे-तिघे तरुण पुढे सरले. वल्हीण हलली नाही.

“ते मी सांगणार नाही. ते माझ्या आईने मला सांगितलं, तिला तिच्या आईने. तुम्ही माझ्या लेकीला कूळ विचारलंत. हेच तिचं कूळ. ऐकायचं असेल तर ऐका.”

आणि तिने नावं म्हटली. पहिलं तिचं स्वतःचं, हानेती. मग आईचं, मग आजीचं, एकामागून एक अकरा. सोळा वर्षं एका छपराखाली राहिलेल्या चिमाने तिचं खरं नाव त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. चिमा पुटपुटत ते पुन्हा पुन्हा म्हणू लागली, विसरू नये म्हणून.

म्हाळू गावकाराने बोटांवर आपली नावं मोजून पाहिली. त्याला स्वतःला आपल्या बापाच्या वरची चारच नावं येत होती. शेवटी त्याने खाली बघत विचारलं, “लग्न कधी करायचंय?”

लग्न देवळाच्या अंगणात झालं. भटजी कूळ विचारायला लागले तेव्हा गावकारच म्हणाला, “तिच्या आयांचं विचारा.” सुमतीने बारा नावं म्हटली. पहिलं नाव तिचं स्वतःचं होतं.

पाडळ्यात गेल्यावर तिने तिथल्या किनाऱ्यावर तसंच पाणी शोधलं. ओहोटीला पक्षी कुठे चोच बुडवतात यावरून शोधलं, असं कुणी म्हणतं. वासंतीकाकी त्यावर काही बोलत नाहीत. मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सुमतीला तीन मुली झाल्या आणि त्या वयात यायच्या आत किनाऱ्यावरच्या गावांनी त्यांना मागण्या घातल्या. हानेतीची नावं म्हणणारी मुलगी घरात आली की गावाला पाणी मिळे. ज्यांच्या आजीला देवळाच्या अंगणात कुणी घेत नव्हतं, त्या मुलींसाठी तांडेलांत वाद होऊ लागले. असा वेल पाच गावांत गेला. म्हाताऱ्या वल्हिणीच्या वाट्याला मात्र निरोपच आले. खाडीपलीकडे एकेक नात होडीत बसे आणि ती अलीकडच्या बांधावर उभी राही.

मधल्या नातीचं नाव आवडी. तिला चार मुलगे झाले, मुलगी नाही. चाळिशी उलटल्यावर ती कार्लेखारला आली आणि आजीच्या पायाशी बसली. “मी हे कुणाला सांगू? मुलांना येतात नावं, पण त्यांच्या मुलांना ती लागत नाहीत. सून परक्या आईची.”

वल्हिणीला तेव्हा नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, “मला कातळावर ने.”

ओहोटीला दोघी हळूहळू टोकापर्यंत गेल्या. वल्हिणीने तिला खळग्याशी वाकवलं आणि नावं म्हणायला सांगितली, आवडीपासून मागे. पाण्यावर तोंड ठेवून आवडीने ती म्हटली. संपली तेव्हा आजीने एवढंच म्हटलं, “झालं. तू नीट पोहोचवलंस. आता घरी जा, पोरांना जेवायला वाढ.” आवडी वाटभर रडली आणि मग रडायची थांबली, असं सांगतात. तिच्या गावचा झरा तिच्यामागे वाळूने बुजला. वल्हीण पुढच्याच वर्षी गेली. तिला कातळाच्या समोर, बांधाजवळ पुरलं.

इथे काकी थांबतात. पाहुणे बहुधा तेच दोन प्रश्न विचारतात. नावं खरंच पाठ आहेत का? काकी डोळे मिटून सव्वीस नावं म्हणतात, हानेतीपर्यंत आणि तिच्या पलीकडची दहा. मग कुणीतरी विचारतं, “काकी, तुम्हाला मुली किती?”

“तीन मुलगे,” काकी सांगतात. “तिघेही चांगले आहेत.”

आजही ज्या बाईला लेक नाही ती एकदा ओहोटीला कातळाच्या टोकाशी जाते, गुडघ्यांवर बसते, आपल्या नावापासून सुरुवात करते आणि पाण्याला सगळी नावं सांगते. बरोबर कुणी जात नाही. काकी गेल्या माघात जाऊन आल्या.