नगर रोड संपतो तिथे

"...मग आता तरी दीक्षा द्याल ना, महाराज?"

प्रल्हादचा हा रोजचाच प्रश्न, पण आज त्याच्या आवाजात जरा ऐट होती. वाघोलीच्या पुढे, नगर रोडला लागून भानगिरी महाराजांचा लहानसा मठ होता. घर सोडून प्रल्हाद तिथे येऊन राहिला होता. आदल्या दिवशी नगरजवळच्या केडगावहून त्याच्या बहिणीचा फोन आला. वडिलांनी अंथरूण धरलंय, सारखं तुझं नाव घेतात, एकदा येऊन जा. प्रल्हादने येत नाही म्हणून सांगितलं. वर आपलं मन जरासुद्धा हललं नाही, हेही महाराजांना ऐकवलं.

महाराज सुपात तांदूळ निवडत होते.

"समोरचा हा रस्ता कुठला रे?"

"नगर रोड."

"तुझ्या वडिलांच्या पंक्चरच्या दुकानासमोरून जातो, तोच ना?"

"तोच. पण तिकडे त्याला पुणे रोड म्हणतात."

"असं... मग नगर रोड संपून पुणे रोड कुठे सुरू होतो, तेवढं बघून ये. दीक्षा देतो."

एवढंच? प्रल्हाद खूश झाला. सकाळच्या एसटीने निघाला.

शिक्रापूरला दुकानांच्या पाट्यांवर नगर रोड होता. शिरूरला उतरून पाहतो तर शेजारीशेजारी दोन दुकानं, एकाच्या पाटीवर नगर रोड, दुसऱ्याच्या पाटीवर पुणे रोड. तो दोन्हींच्या मधे बराच वेळ उभा राहिला. शेवटी रसवंतीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही निघालात कुठं त्यावर आहे ते, रस देऊ का? सुप्यात एका म्हाताऱ्याने त्याला वेड्यातच काढलं. पुढे असेल, पुढे असेल, करत बिचारा पार केडगावपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी तो मठात परतला. दाराशी चपला काढल्या आणि मटकन खाली बसला. चेहरा उतरला होता.

"सापडलं?"

"नाही, महाराज. सगळा गोंधळ आहे. कुणाला धड सांगताच येत नाही."

"कुठवर गेला होतास?"

"दुकानापर्यंत. पाटीवर स्पष्ट लिहिलंय, पुणे रोड. म्हणून तिथून मागे फिरलो."

"घरी गेला नाहीस..."

"नाही." प्रल्हादने मान ताठ केली. "समोर होतं, तरी गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"वडिलांची खाट दुकानात आणून टाकलीय. आत घरात ते राहीनात म्हणे, चहावाला सांगत होता. उशीला टेकून पडून होते..."

महाराजांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"तोंड कुणीकडे होतं?"

प्रल्हाद आठवू लागला. दुकानाचं दार रस्त्याकडे. खाट दारात आडवी. उशी नगरच्या बाजूला... म्हणजे डोळे...

"इकडे," तो म्हणाला. "पुण्याच्या बाजूला."

महाराज दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघू लागले.

"पण महाराज, याचा आणि रस्त्याचा काय संबंध? मला खरंच काही समजेनासं झालंय. माझं चुकलं कुठे? दीक्षा मिळणार की नाही?"

त्याचा आवाज कापत होता. मन हललं नाही म्हणणाऱ्या माणसाला तो कंप लपवता येईना.

महाराज उठले. दारापाशी गेले, वाकले, आणि प्रल्हादच्या चपला हातात घेतल्या. आत तोंड करून पडलेल्या त्या चपला त्यांनी फिरवल्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट मांडून ठेवल्या.

बाहेरून नगरची गाडी हॉर्न वाजवत गेली...

"वडील ज्या रस्त्याकडे बघत पडलेत, तो कुठून येतो," महाराज म्हणाले, "तेवढं त्यांना विचारून ये."