कुंभावतीच्या एकोणीस मोऱ्या

सांगतो ती कथा अक्षर न् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर माझी जीभ झडो. ज्या पोथीत मी ती वाचली, तिच्यावर अठरा पिढ्यांचे हात फिरले होते. आता त्या पोथीला वाळवी आधी लागली आणि मी नंतर, एवढा मागचा-पुढचा फरक वाचकांनी पोटात घालावा. वाळवीने ठेवले ते मी वाचले. तिने नेले ते तिच्याकडून वदवून घेतले.

त्रेतायुग उतरणीला लागले होते, तेव्हा कृष्णाचल पर्वताच्या पायथ्याशी, उन्मदा नदीच्या तीरी, कुंभावती नावाची नगरी नांदत होती. पाठीशी मेघांना अडवणारा पर्वत, समोर कुणालाच न आवरणारी नदी, आणि मध्ये सुवर्णकलशांनी झळकणारी गोपुरे, वेदघोषाने दुमदुमणाऱ्या यज्ञशाळा आणि मागांच्या खटखटीने जाग्या असलेल्या विणकरांच्या आळ्या! पण दर तिसऱ्या वर्षी उन्मदा खवळे, आणि अश्वशाळेत मासे व यज्ञवेदीवर मगर अशी त्या वैभवाची दशा होई.

तेव्हा राजा बृहत्सानूने सुघट नावाच्या स्थपतीला पाचारण केले आणि म्हटले, “सुघटा, शत्रूंसाठी तू पुष्कळ तट बांधलेस. आता नदीसाठी बांध.”

सुघटाने बारा वर्षे खपून पर्वताच्या एका सोंडेपासून दुसऱ्या सोंडेपर्यंत, ताणलेल्या धनुष्यासारखा, तीस हात उंच बांध घातला. ठोकायच्या धुम्मसाखालची माती दगडासारखी वाजेपर्यंत तो वरचा थर पडू देत नसे. पायथ्याशी मात्र त्याने दर आळीला एक, अशा एकोणीस मोऱ्या ठेवल्या आणि प्रत्येकीच्या नदीकडल्या तोंडावर शिसवी झडप टांगली. आतले पाणी रेटले की झडप बाहेर उघडे. नदी चढली की तिच्याच भाराने मिटे.

एवढ्यावर भागले असते. पण राजाला देवतेचीही हमी हवी होती. तो बारा दिवस नदीपात्रात एका पायावर उभा राहिला. तेराव्या दिवशी फेनधवल वस्त्रे ल्यालेली, शेवाळाचा केशकलाप मिरवणारी उन्मदा प्रकट झाली.

“राजन्, मी कुणाचे ऐकणारी नव्हे. पण तुझ्या हट्टापुढे मीही हात टेकले. जोवर तुझ्या बांधाला एकही छिद्र नाही, तोवर माझा एक थेंबही तुझ्या नगरीत शिरणार नाही.”

हा वर ऐकून राजपुरोहित अर्थदर्शी भर सभेत उठला. “स्थपती, मोरी म्हणजे छिद्रच ना?”

“आपल्या देहालाही नऊ छिद्रे आहेत, पुरोहित महाराज,” सुघट म्हणाला. “आधी ती बुजवा, मग यज्ञाच्या पंगतीला बसा, आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटते ते मला सांगा.”

सभा खदखदून हसली. त्या हशाने घात केला; कारण हसे झालेला विद्वान तलवार उपसलेल्या योद्ध्याहून वाईट. अर्थदर्शीने तीन दिवस शास्त्रार्थ केला आणि अखेर राजा म्हणाला, “देवतेच्या वराशी कारागिराने वाद घालू नये.”

मोऱ्या बुजवायला राजाचे सेवक लागलेच नाहीत. ज्या त्या आळीने आपापली मोरी भक्तिभावाने बुजवली. चुन्यात गूळ कालवून, वर हळदकुंकू वाहून. सर्वांत सखल असलेल्या विणकर आळीत सुघट धावत गेला, तो मोरीपाशी त्याचीच लेक बसलेली. मृत्सा तिचे नाव. सहावा महिना लागला होता.

“मृत्से, तू तरी?”

“तात, अख्खी आळी बुजवते आहे. मी एकटीने अडवले आणि पूर आला, तर बोट कुणाकडे?”

“माझ्याकडे दाखवा म्हणावे.”

“तुमच्याकडे बोट दाखवून बुडालेले वर येतात का?” असे म्हणत तिने शेवटचा गोळा दाबला, बापाने शिकवला होता तसाच, अंगठ्याने, कडेकडून आत. काम चोख झाले. केस शिरायला जागा उरली नाही.

श्रावणात उन्मदा चढली, बांधाला भिडली आणि वचनाला जागून तिथेच थांबली. लोक बांधावर जमून तिला चिडवू लागले, “काय गं उन्मदे, दार लावलंय! पुढचं घर बघ!”

मग कृष्णाचलावर पाऊस कोसळू लागला. नऊ दिवस पर्वताचे ओहोळ नगरीत उतरत होते आणि त्यांना पुढे वाट नव्हती. विणकर आळीत पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, मग मागांवरून वाहू लागले. नगरीतल्या सगळ्या नावा बांधाबाहेर, नदीत. मृत्सेचा नवरा सुतासाठी पैलतीरी गेलेला, तिकडेच अडकला. आणि ती तीन दिवसांची बाळंतीण, पदराआड मुलगी घेऊन माळ्यावर चढून बसलेली.

नवव्या दिवशी नदी ओसरून मोऱ्यांच्या खाली गेली. सुघट पहार घेऊन बांधावर आला, तोच रक्षकांसह राजाही आला.

“महाराज, नदी उतरली आहे. एक मोरी फोडू द्या. प्रहरभरात आळी मोकळी होईल. माझी लेक माळ्यावर आहे.”

“एक छिद्र पडले की वर संपला, सुघटा. पुढच्या पुरात सारी नगरी जाईल.”

“तो पूर पुढच्या वर्षीचा, महाराज! हा आजचा आहे!”

“हा पूर नव्हे,” अर्थदर्शी शांतपणे म्हणाला. “हा पाऊस आहे.”

रक्षकांनी पहार हिसकावली. तेव्हा सुघटाने नदीकडे तोंड करून आक्रोश केला, “उन्मदे, तू तरी फोड!”

“स्थपती, मी वचनात अडकले आहे,” पात्रातून उत्तर आले. “आतले पाणी माझ्याकडे यायला निघालेले. नऊ दिवस मी त्या एकोणीस दारांशी उभी आहे. आतून कुणी उघडत नाही.”

एवढ्यात विणकर आळीतल्या छपरांचे शेवटचे आढेही दिसेनासे झाले.

सुघटाची धडपड थांबली. त्याने वाकून ओंजळ भरली. पाणी तितके जवळ आले होते. मग एकही अशुभ शब्द नसलेला शाप त्याने उच्चारला, “बृहत्सानो, तुझा हा बांध कल्पांतापर्यंत अभंग राहो. त्याला छिद्र न पडो, भेग न पडो. आणि त्याच्या आत जे आहे, ते कधीही बाहेर न जावो.”

राजवाड्याच्या पायऱ्या बुडाल्या तेव्हा त्याच रक्षकांनी त्याच पहारीने बांधावर घाव घातले. पहार वाकली. कुंभावतीचा डोह झाला. लज्जित उन्मदा बारा कोस दूर सरकली. आणि ज्याच्या बाहेर आता नदीही नाही, असा तो बांध कळसांवरचे पाणी अजून राखतो आहे.

माळा बुडताना मृत्सेने आपली मुलगी पीठ मळायच्या लाकडी काठवटीत निजवून सोडली. काठवट तरंगत बांधाला लागली आणि सुघटाने नातीला उराशी धरले, असे मी दर वेळी सांगतो. तेवढे मी रचले आहे. पोरे पाण्यावर तरंगवायची आम्हा कथेकऱ्यांना जुनी खोड. काठवट मात्र खरोखरच बांधाला लागली. सुघटाने ती उचलली, तेव्हा तिच्यात नुसता पाऊस होता, काठोकाठ.